गाव अंबाजोगाई, वाचक जगभर: वेबसाइटला ईमेल सेवा जोडताना

कोकणातल्या, पुण्या-मुंबईतल्या आणि आता परदेशात स्थायिक झालेल्या कितीतरी कोकणस्थ घरांची कुलदेवता अंबाजोगाईची योगेश्वरी. मार्गशीर्षातला महोत्सव नेमका कधी, त्या दिवसांत राहण्याची सोय होईल का, हे विचारणारी ही माणसं गावापासून शेकडो कोस दूर असतात. स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात शिकून गेलेले डॉक्टर देशभर आणि देशाबाहेर पसरलेले आहेत. नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण स्मृती समारोह भरतो, तेव्हा गाव सोडून गेलेले रसिक कार्यक्रमपत्रिका मागतात. या गावातल्या संस्थांचा मोठा गोतावळा गावाबाहेर आहे आणि त्याच्यापर्यंत वेळेवर निरोप पोहोचवणं हे त्यांचं रोजचं काम आहे.

आजवर हे काम व्हॉट्सअॅपवर भागत आलं. पण तिथे एका गटात १०२४ माणसांच्या पुढे जाता येत नाही, ब्रॉडकास्ट यादी २५६ वर थांबते, आणि ब्रॉडकास्टचा निरोप तुमचा नंबर ज्याच्या फोनमध्ये साठवलेला आहे त्यालाच मिळतो. म्हणून कधी ना कधी विश्वस्त, प्राचार्य किंवा कार्यवाह वेबसाइट सांभाळणाऱ्या मुलाला किंवा मुलीला बोलावून सांगतात, ‘साइटवर नाव नोंदवलं की त्यांना आपोआप मेल गेला पाहिजे.’ हा लेख त्या मुला-मुलींसाठी आहे.

एक गोष्ट आधी स्पष्ट करतो. तुमची यादी शेतकऱ्यांची किंवा बचत गटातल्या महिलांची असेल, तर ईमेलच्या मागे लागू नका. ज्यांना ईमेल उघडायची सवय नाही त्यांच्यासाठी एसएमएस किंवा फोनच बरा. माजी विद्यार्थी, देणगीदार, बाहेरगावचे भाविक, वाचक, संशोधक यांच्यासाठी मात्र ईमेलला तोड नाही.

हजार-दोन हजार ईमेल संस्थेच्या साध्या जीमेल खात्यातून पाठवता येत नाहीत. खातं तात्पुरतं बंद पडतं. म्हणून ईमेल विपणन सेवा घ्यावी लागते. मुंबईची नेटकोर गेली अनेक वर्षं याच क्षेत्रात आहे. अमेरिकेतली मेलचिंप २००१ साली अटलांटात सुरू झाली आणि २०२१ साली इंट्युइट कंपनीने ती सुमारे १२०० कोटी डॉलरना विकत घेतली. छोट्या संस्था बहुधा मेलचिंपपाशी येतात, कारण २००९ पासून तिची एक फुकट योजना आहे. त्या योजनेची मर्यादा मात्र आक्रसत गेली आहे. एकेकाळी २००० संपर्क फुकट ठेवता येत, पुढे ती संख्या बरीच खाली आली. आजचा आकडा पाहूनच संस्थेला शब्द द्या.

सेवा घेतली की तिचं एपीआय येतं. तुमच्या साइटने तिच्या सर्व्हरला कोणत्या पत्त्यावर, कोणत्या शब्दांत, कोणती ओळख दाखवून काय विचारायचं याचे नियम म्हणजे एपीआय. ते तुम्ही स्वतः वाचून सगळी जोडणी हाताने लिहू शकता. पण जगात कुणीतरी ती आधीच लिहून, तपासून, कुणालाही वापरता येईल अशा परवान्याखाली गिटहबवर ठेवलेली असते. तीच मुक्त स्रोत लायब्ररी. तहसीलबाहेर बसणाऱ्या अर्जनवीसाला जसं काम सांगावं तसं तिला सांगायचं. कोणत्या नमुन्यात, कोणत्या कलमाखाली, कुठे सही, हे त्याला पाठ असतं. अर्जातला मजकूर खरा आहे की नाही, याला जबाबदार मात्र अर्जदारच असतो. लायब्ररी जोडणारे बहुतेक जण हा दुसरा भाग विसरतात. माझा सगळा जोर त्यावरच आहे.

लायब्ररी निवडताना

मेलचिंपसाठी पीएचपीत लिहिलेली ड्र्यू मॅक्लेलन यांची छोटी लायब्ररी वर्षानुवर्षं वापरात आहे. एमआयटी परवाना, मोजक्या फायली आणि एपीआयच्या मूळ क्रियापदांचीच नावं असलेली फंक्शनं: गेट, पोस्ट, पुट, पॅच, डिलीट. दुपारभरात सगळा कोड वाचून होतो. दुसरीकडे कंपनीच्या अधिकृत लायब्रऱ्या पीएचपी, पायथॉन, नोड, रुबी अशा भाषांत आहेत. त्या एपीआयच्या वर्णनावरून यंत्राने तयार केलेल्या असल्यामुळे आकाराने मोठ्या आहेत, पण एपीआय बदललं की त्यांची नवी आवृत्ती येण्याची शक्यता जास्त.

माझं मत असं: संस्थेची साइट जुन्या शेअर्ड होस्टिंगवर पीएचपीत असेल आणि तुम्हाला फक्त नाव नोंदवणं, बदलणं आणि काढणं एवढंच करायचं असेल, तर छोटी, वाचून समजणारी लायब्ररी घ्या. तिच्यात बऱ्याच वर्षांत मोठा बदल झाला नसेल तर घाबरू नका. इतका पातळ थर असलेल्या कोडमध्ये बदलण्यासारखं फार नसतं. मात्र तुमच्या होस्टिंगवर पीएचपीची जी आवृत्ती आहे तिच्यावर ती विनातक्रार चालते का, ते आधी स्वतःच्या संगणकावर पाहा. मोहिमा तयार करणं, अहवाल ओढणं असं मोठं काम असेल तर अधिकृत लायब्ररी घ्या.

निवडण्याआधी परवान्याची फाइल उघडा. ती नसेल तर कोड डोळ्यांसमोर असूनही वापरायचा हक्क तुम्हाला नाही. मग ‘इश्यूज’ वाचा, विशेषतः बंद झालेले. माणसं काय विचारतात आणि उत्तर देणारा कसं देतो, यावरून ती लायब्ररी किती सांभाळली जाते हे कळतं. ती आणखी किती लायब्रऱ्यांवर अवलंबून आहे तेही मोजा. मार्च २०१६ मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ नावाचा जेमतेम ११ ओळींचा कोड त्याच्या लेखकाने काढून घेतला आणि जगभरातले मोठमोठे प्रकल्प काही तास अडकले. म्हणून पीएचपीच्या लायब्रऱ्या बसवणाऱ्या कंपोझरची लॉक फाइल कोडबरोबर जपून ठेवा, म्हणजे आज चाचणीत चाललेलीच आवृत्ती उद्याही बसेल. शिकवण्यांच्या जुन्या व्हिडिओंतून कोड उचलणार असाल, तर तो एपीआयच्या तिसऱ्या आवृत्तीचा आहे ना ते बघा. मेलचिंपची दुसरी आवृत्ती २०२३ मध्ये बंद झाली, पण तिचे धडे अजून फिरतात.

जोडणीत लोक कुठे अडकतात

पहिली अडचण बहुतेकांना झॅम्पवर येते. विंडोजवर झॅम्प टाकून लायब्ररी चालवली की कर्लची ६० क्रमांकाची त्रुटी दिसते: प्रमाणपत्र तपासता आलं नाही. शोधल्यावर पहिलं उत्तर सापडतं ते ‘एसएसएल तपासणी बंद करा’. ते कधीही करू नका. तपासणी बंद केली की समोर खरा मेलचिंप आहे की मधे बसलेला कुणी तिऱ्हाईत, हे तुमच्या साइटला कळायचा मार्गच उरत नाही, आणि तीच ओळ पुढे तशीच होस्टिंगवर चढते. खरा उपाय पाच मिनिटांचा आहे. कर्लच्या संकेतस्थळावरून प्रमाणपत्रांची फाइल उतरवायची, पीएचपीच्या आयएनआय फाइलमध्ये ‘कर्ल डॉट सीएइन्फो’पुढे तिचा पूर्ण मार्ग लिहायचा आणि अपाची पुन्हा सुरू करायचं.

एपीआय की ही खात्याची किल्ली. तिच्या शेवटी जोडचिन्हानंतर येणारी तीन-चार अक्षरं तुमचं खातं कोणत्या डेटा सेंटरवर आहे ते सांगतात. लायब्ररी त्यावरूनच पत्ता बनवते, म्हणून की कापून-जोडून चिकटवताना ते शेपूट तोडू नका. ती कोडमध्ये लिहायची नाही. वेगळ्या एन्व्ही फाइलमध्ये ठेवायची आणि ती फाइल गिटच्या दुर्लक्ष-यादीत टाकायची. एकदा चुकून गिटहबवर गेलीच तर फाइल पुसून उपयोग नाही, इतिहासात ती राहते. अशा वेळी त्याच क्षणी खात्यात जाऊन ती की रद्द करा आणि नवी काढा.

आता नाव नोंदवण्याकडे येऊ. मेलचिंप प्रत्येक माणसाला त्याच्या ईमेल पत्त्याच्या एमडीफाइव्ह हॅशने ओळखतं, आणि तो हॅश पत्ता सगळा लहान लिपीत करून काढलेला असावा लागतो. फोनचा कीबोर्ड पहिलं अक्षर आपणहून कॅपिटल करतो, चिकटवताना पत्त्याच्या शेवटी एक रिकामी जागा येते. माणूस तोच असतो, पण ३२ अक्षरांचा हॅश पूर्ण वेगळा निघतो. मग यादीत असलेला माणूस ‘सापडत नाही’. लायब्ररीचं फंक्शन लहान लिपी करून देतं, रिकाम्या जागा काढणं तुमच्याकडे. म्हणून अर्ज आला की आधी ट्रिम, मग पुढचं सगळं. अर्जातल्या रकान्याचा प्रकारही ‘ईमेल’ ठेवा, म्हणजे फोनवर योग्य कीबोर्ड येतो.

नोंदणीसाठी पोस्टऐवजी पुट वापरा. माणूस नवा असेल तर तो जोडला जातो, जुना असेल तर त्याची माहिती बदलते, दोन्हीसाठी एकच कोड. पण इथे एक बारीक गोष्ट आहे. पुटमध्ये ‘स्टेटस’ आणि ‘स्टेटस इफ न्यू’ असे दोन वेगळे रकाने आहेत. पहिला भरून पाठवला तर जुन्या माणसाची स्थितीही तुम्ही बदलायला निघता. एखाद्या डॉक्टरांनी गेल्या वर्षी ‘मला मेल नकोत’ म्हणून नाव काढलं असेल, तर माजी विद्यार्थ्यांची एक्सेल पुन्हा चढवताना तुम्ही त्यांना परत ओढू पाहता. सेवा ते अडवते आणि ‘कंप्लायन्स स्टेट’ची त्रुटी देते. ती त्रुटी चुकवायच्या वाटा शोधू नका. नव्या माणसापुरता ‘स्टेटस इफ न्यू’ भरा, त्यातही ‘पेंडिंग’ लिहा. मग त्याला आधी खात्रीचा मेल जातो आणि त्याने दुवा दाबल्यावरच तो यादीत येतो. यात काही माणसं गळतात हे खरं. पण उरतात ती खरंच वाचणारी असतात, आणि चुकीचा पत्ता लिहिणाऱ्यांमुळे तिसऱ्याच कुणाला तुमचे मेल जात नाहीत.

अर्ज सादर होताक्षणी सेवेला हाक मारून वाट बघत बसू नका. आधी स्वतःच्या डेटाबेसमध्ये नोंद करा, माणसाला ‘नोंद झाली’ म्हणा, आणि दर काही मिनिटांनी चालणाऱ्या क्रॉन कामातून नोंदी पुढे पाठवा. ४२९ हे उत्तर आलं तर तुम्ही घाई करताय. मेलचिंप एका खात्याला एका वेळी १० जोडण्यांपेक्षा जास्त देत नाही. ५०० किंवा त्यापुढचं उत्तर आलं तर तिकडे बिघाड आहे, थांबून पुन्हा पाठवा. ४०० आलं तर चूक तुमच्या मजकुरात आहे, तोच मजकूर शंभरदा पाठवून काही होणार नाही. जुनी मोठी यादी चढवायची असेल तर एका विनंतीत ५०० पर्यंत माणसं बसतात.

देवनागरीची खास काळजी

इंग्रजीतल्या मार्गदर्शिकांत हा भाग नसतो. यूटीएफ-८ मध्ये इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. ‘अंबाजोगाई’त अनुस्वार आणि काने-मात्रे धरून नऊ चिन्हं आहेत, म्हणजे २७ बाइट. जीमेल साधारण १०२ केबीच्या पुढचा मेल कापतं आणि उरलेला मजकूर एका दुव्यामागे लपवतं. नोंदणी रद्द करायचा दुवा बहुधा तळाशीच असतो. लांबलचक मराठी वार्तापत्र सजावटीच्या एचटीएमएलसह या मर्यादेला इंग्रजीच्या मानाने फार लवकर भिडतं. पूर्ण लेख मेलमध्ये ओतू नका, चार ओळी आणि साइटचा दुवा द्या.

मजकूर छोटा करताना पीएचपीचं साधं सबस्ट्र वापरलं तर ते बाइट मोजतं. ‘योगेश्वरी’तून १० बाइट घेतले तर तीन चिन्हं आणि चौथ्याचा तिसरा हिस्सा हाती येतो. अशी फाटकी अक्षरं जेसनमध्ये बसत नाहीत. पीएचपीचं जेसन बनवणारं फंक्शन ‘फॉल्स’ परत देतं, विनंती रिकामी जाते आणि सेवा ४०० म्हणते. इथे तासन्तास लायब्ररीला दोष दिला जातो. एमबी-सबस्ट्र चिन्हं मोजतं, पण सहा चिन्हांवर तोडलं तर ‘योगेश्’ उरतं. म्हणून मराठी मजकूर तोडायचाच असेल तर शब्द संपतो तिथेच तोडा.

नावांचा प्रश्न आणखी नाजूक आहे. सेवेत पहिलं नाव आणि आडनाव असे दोन रकाने तयार मिळतात. आपल्या महाविद्यालयांच्या याद्यांत आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं किंवा पतीचं. ती एक्सेल तशीच चढवली की निवृत्त प्राध्यापकांना ‘प्रिय देशमुख’ असा मेल जातो. आपल्याकडे वडीलधाऱ्यांना असं कुणी हाक मारत नाही. ‘संबोधन’ नावाचा वेगळा रकाना करा आणि त्यात ‘आदरणीय देशमुख सर’, ‘डॉ. सुनीताताई’ असं जे शोभेल ते पूर्ण लिहा. रकाना रिकामा असेल तर ‘सप्रेम नमस्कार’ जाऊ द्या. यादी मोठी असेल तर हे काम कंटाळवाणं आहे, पण मेल उघडल्यावर वाचणारा पहिली ओळ हीच बघतो.

परवानगी आणि पोहोच

डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ साली झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. संमती मोकळेपणाने दिलेली, नेमक्या कारणासाठी आणि स्पष्ट हवी, आणि ती काढून घेणं देण्याइतकंच सोपं हवं. संमतीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या भाषांत, म्हणजे मराठीतही, वाचता आली पाहिजे. शाळा-महाविद्यालयांनी आणखी एक लक्षात ठेवावं: १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. अकरावी-बारावीची मुलं यात येतात. प्रवेशअर्जावरचे त्यांचे ईमेल उचलून वार्तापत्राच्या यादीत टाकू नका. देणगीच्या पावतीसाठी घेतलेला पत्ता हीसुद्धा वार्तापत्राची परवानगी नव्हे. अर्जात वेगळी चौकट ठेवा, ती आधीपासून टिक केलेली नसावी, आणि शेजारी साध्या मराठीत लिहा: महिन्याला साधारण किती मेल येतील, कशाबद्दल येतील, बंद कसे करायचे. कुणी कोणत्या तारखेला होकार दिला याची नोंद स्वतःच्या डेटाबेसमध्येही ठेवा. उद्या सेवा बदलली तर सेवेतली नोंद तिकडेच राहते.

फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने नियम कडक केले आहेत. संस्थेचं स्वतःचं डोमेन हवं. जीमेलचा पत्ता प्रेषक म्हणून लावून सेवेतून हजारो मेल पाठवू नका. डोमेनच्या डीएनएसमध्ये, मेल खरंच तुमचाच आहे हे पटवणाऱ्या एसपीएफ आणि डीकेआयएमच्या नोंदी करा, डीमार्कचीही करून टाका. दिवसाला ५००० च्या वर मेल जीमेलला जात असतील तर तिन्ही आणि एका टिचकीत नाव काढायची सोय सक्तीची आहे. ‘स्पॅम’ म्हणणाऱ्यांचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली राहायला हवं, म्हणजे हजार माणसांत तिघंही जास्त झाले. परवानगीचं महत्त्व विश्वस्तांना पटत नसेल तर हा आकडा दाखवा.

आणि सेवा परवडत नसेल तर? बंगळूरच्या कैलाश नाध यांनी झेरोधात तयार केलेलं लिस्टमंक हे यादी सांभाळणारं आणि मोहिमा पाठवणारं मुक्त सॉफ्टवेअर छोट्या सर्व्हरवर चालतं. त्याला पोस्टग्रेस डेटाबेस लागतो, त्याचंही एपीआय आहे आणि वर सांगितलेली शिस्त त्यालाही तशीच लागू आहे. मात्र सर्व्हर सांभाळणारं कुणीतरी हवं, आणि मेल प्रत्यक्ष बाहेर सोडायला अॅमेझॉन एसईएससारखी सेवा तरीही घ्यावी लागते. तुम्ही शिकायला दुसऱ्या शहरात गेलात की मागे कोण बघणार, याचं उत्तर संस्थेकडे नसेल तर लिस्टमंक लावू नका.

जी लायब्ररी वापराल तिचं काही देणं लागतो हेही ध्यानात असू द्या. मुंबईची फ्रापे कंपनी आपलं ईआरपीनेक्स्ट हे सॉफ्टवेअर मुक्त ठेवून जगभर पोहोचली, आणि मुक्त स्रोतासाठी काम करणाऱ्या फॉस युनायटेडच्या बैठका पुण्या-मुंबईत होतात, तिथे विद्यार्थ्यांना मोकळी जागा असते. कोड लिहिता येत नसेल तरी चालेल. देवनागरी नाव पाठवल्यावर काय तुटलं, ते नेमक्या पायऱ्यांसह ‘इश्यू’ म्हणून नोंदवा. मराठी नावांची एक चाचणी लिहून द्या. वापरायची माहिती मराठीत करून पाठवा. परळीत किंवा केजमध्ये हेच काम करणाऱ्या पुढच्या मुलीला ती लागणार आहे.